पिरान्हासाठी टाकी किती मोठी हवी? चार फुटी पुरेल का?

प्रश्न विचारणारे इंग्लंडात रेडिंगला राहतात. व्हिक्टोरियन काळातल्या घरात पहिल्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. ऑफिसातला एक जण घर बदलतोय, त्याची ज्यूएल रिओ २४० ही चार फुटी, २४० लिटरची टाकी स्टँड आणि आतल्या फिल्टरसकट जवळजवळ फुकट मिळते आहे. तिच्यात लाल पोटाचे सहा पिरान्हा ठेवता येतील का, आणि सहा नाही तर किती, असं त्यांनी विचारलंय. शिवाय पुण्यातल्या धाकट्या भावाने दुकानातून ‘पिरान्हाची पिल्लं’ म्हणून चार मासे आणून अडीच फुटी टाकीत सोडलेत, त्याला काय सांगू, हा जोडप्रश्न आहे.

सरळ उत्तर आधी देतो. रिओ २४० मध्ये सहा पिरान्हा ठेवू नका. तीनही ठेवू नका. सहा जणांच्या थव्यासाठी मी ज्या टाकीला होकार देईन ती सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर ६८० लिटर. ‘दर माशामागे ७५ लिटर’ हा जो ठोकताळा सगळीकडे फिरतो तो मुळात अमेरिकी २० गॅलनचा हिशेब आहे. त्या हिशेबाने २४० लिटरमध्ये तीन मासे बसतात आणि तिथेच लोक फसतात. तेवढंच पाणी उंच-अरुंद टाकीतही मावतं आणि बुटक्या-रुंद टाकीतही, पण माशाच्या दृष्टीने त्या दोन टाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

टाकी बघताना आधी टेप पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत लावा. रिओ २४० बाहेरून १२१ बाय ४१ बाय ५५ सेंटिमीटर आहे. म्हणजे रुंदी ४१, त्यातून काचेची जाडी गेली, मागचं पाठचित्र लावलेलं असेल तर तेही गेलं, आणि एका कोपऱ्यात फिल्टरचा काळा डबा. लाल पोटाचा पिरान्हा (पायगोसेंट्रस नॅटेरेरी) घरच्या टाकीत नीट वाढला तर २५ ते ३० सेंटिमीटर होतो. अंगाने पापलेटासारखा चपटा, पण मानेला जाड आणि ताठ. ईल किंवा लोच जसा स्वतःच्या अंगाभोवती वळतो तसं याला जमत नाही. अरुंद टाकीत मोठा पिरान्हा कसा वळतो ते एकदा नीट बघा. तो काचेपर्यंत येतो, थांबतो, छातीचे पर उलटे मारत थोडा मागे सरकतो आणि मग तिरका होऊन वळतो. दिवसभर हेच चालू. मोटार वळवताना पुढे-मागे घ्यावी लागते तेवढा व्याप एका वळणाला. त्यात बाजूला दुसरा मासा असला की वळताना शेपूट त्याच्या तोंडासमोरून जाते. पिरान्हाच्या तोंडासमोरून गेलेल्या शेपटीचं पुढे काय होतं ते सांगायला नको.

तुटलेले पर पुन्हा येतात, पाणी स्वच्छ असेल तर काही आठवड्यांत येतात. गेलेला डोळा येत नाही.

म्हणून रुंदी निदान माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीच्या दुप्पट हवी, म्हणजे ६० सेंटिमीटर, आपले दोन फूट. उंचीला मी फारसं महत्त्व देत नाही. ५०-५५ सेंटिमीटर पुष्कळ झाली. त्याहून उंच टाकी घेतली की काच जाड लागते, पैसे वाढतात, आणि तळातली घाण काढायला खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. पिरान्हाच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घालायची हौस कुणालाच नसते. साफसफाईच्या वेळी टाकी मध्ये आडवी पाडायला ॲक्रिलिकचा भोकांचा पडदा करून ठेवावा. मासे एका बाजूला, हात दुसऱ्या बाजूला.

लांबी कशासाठी हवी? धावायला. सिनेमांनी या माशाची प्रतिमा काहीही केली असली तरी टाकीतला पिरान्हा अत्यंत भित्रा असतो. अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लावा, सगळा थवा एका झटक्यात दुसऱ्या टोकाला जातो आणि काचेवर आदळतो. चार फुटांत त्यांना वेग आवरायला जागाच मिळत नाही. लहान टाकीत वाढलेल्या पिरान्ह्यांच्या खालच्या जबड्यावर बऱ्याचदा एक गुलाबी गाठ दिसते. तोंड काचेवर सतत घासून आणि आपटून ती येते. विकत घेताना मोठा मासा असेल तर हनुवटी जरूर बघा, आधीची टाकी कशी होती ते त्यावरून कळतं. सहा फुटांत थवा घाबरून पळाला तरी बहुतेक वेळा काचेआधी थांबतो. दिवे मंद ठेवा, खोलीतला दिवा आधी आणि टाकीचा नंतर लावा, आणि टाकी येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवू नका.

आता पाण्याकडे येऊ. इथे मात्र लिटर मोजावेच लागतात. मोठ्या सहा माशांना एका वेळी १०० ग्रॅम मासळी घातली असं धरा, हे काही फार नाही. मासळीत साधारण १८ टक्के प्रथिनं, म्हणजे १८ ग्रॅम. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे जवळजवळ २.९ ग्रॅम. त्यातला काही भाग मासा अंगी लावतो, बाकीचा कल्ल्यांतून अमोनिया होऊन आणि विष्ठेतून पाण्यात येतो. ६० टक्के पाण्यात आला असं धरलं तरी १.७ ग्रॅम. फिल्टरमधले जिवाणू त्याचं शेवटी नायट्रेट करतात, तेव्हा ऑक्सिजन जोडला जाऊन वजन जवळजवळ साडेचार पट, म्हणजे ७.५ ग्रॅम होतं. रिओ २४० मध्ये वाळू आणि लाकूड घातल्यावर खरं पाणी २२० लिटरच्या आसपास राहतं. तिथे या एका जेवणाने नायट्रेट लिटरमागे सुमारे ३४ मिलिग्रॅमने वाढतं. सहा फुटी टाकीत संपसकट, म्हणजे खाली ठेवलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीसकट, ६५० लिटर पाणी खेळतं असेल तर वाढ ११-१२ मिलिग्रॅमची. आठवड्याला दोन जेवणं धरा. लहान टाकीत दर आठवड्याला ७० मिलिग्रॅमची भर, मोठीत २३ची. नायट्रेट ४० च्या खाली ठेवावं असा माझा आग्रह असतो. नळाच्या पाण्यातच इंग्लंडात कायद्याने ५० मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, म्हणजे सुरुवात शून्यापासून होत नाही. रेडिंगचं नळाचं पाणी आधी तपासून घ्या. पाणी चुनखडीतलं, जड आहे. टाकीत पैदास झालेल्या लाल पोटाच्या माशांना ते चालतं, त्याची काळजी नको.

नळाच्या पाण्यात नायट्रेट नगण्य असेल, तर मोठ्या टाकीत दर जेवणामागे, म्हणजे आठवड्यातून दोनदा, ३० टक्के पाणी बदललं की हे गणित जुळतं. ३० टक्के म्हणजे २०० लिटर. बादलीने करायचं म्हटलं तर पंधरा लिटरच्या तेरा-चौदा बादल्या बाहेर आणि तेवढ्याच आत. पहिला महिना माणूस हौसेने करतो. म्हणून टाकी ठरवतानाच ती नळापासून आणि मोरीपासून किती लांब आहे ते बघा, आणि पाइप तिथपर्यंत पोचतो का ते पाहून मगच जागा पक्की करा. क्लोरीनबरोबर क्लोरामाइनही काढणारं औषध घ्या, नुसतं क्लोरीनचं पुरणार नाही.

फिल्टरबद्दल थोडक्यात. रिओचा आतला फिल्टर टेट्रा आणि गप्पींसाठी ठीक आहे, पिरान्हासाठी नाही. तासाला टाकीच्या सहा-सात पट पाणी फिरवणारा संप, नाहीतर दोन मोठे कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर. दोन अशासाठी की एक धुताना दुसऱ्यातले जिवाणू शाबूत राहतात. हिटर संपमध्ये किंवा पाइपवर बसवा. टाकीत उघडा ठेवला तर काचेवर धडक बसते आणि वायरही कुरतडली जाते. तापमान २५ ते २७. मासे आणण्याआधी फिल्टर चार ते सहा आठवडे चालवून तयार करायचा, यात सूट नाही.

किती मासे, हा प्रश्न टाकीच्या मापापासून वेगळा काढता येत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की टाकी लहान असेल तर मासे कमी ठेवू, दोन किंवा तीन. पिरान्हाच्या बाबतीत ही सगळ्यात वाईट संख्या. दोनांत एक वरचढ होतो आणि दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडतो. तिघांत दोघे मिळून तिसऱ्याला संपवतात. पाच-सहाच्या पुढे दांडगाई वाटली जाते, एकालाच सारखा मार बसत नाही. ब्राझीलमधल्या मामिराउआ राखीव क्षेत्रात हेल्डर केरोझ आणि ॲन मागुरान यांनी यावर काम केलंय, त्यांचा निबंध २००५ साली प्रसिद्ध झाला. पिरान्हा थव्याने राहतात ते शिकारीसाठी, हा समज त्यांनी खोडून काढला. केमन मगरी, नदीतले डॉल्फिन, पाणकावळे यांच्यापासून वाचायला ते एकत्र राहतात. आठ जणांच्या गटात ठेवलेल्या माशांचा श्वास दोघांच्या गटातल्या माशांपेक्षा संथ चालत होता, आणि शिकारी पक्ष्याचा खोटा हल्ला केल्यावर तो पूर्ववतही लवकर झाला. टाकीवाल्यांसाठी याचा अर्थ उघड आहे. दोन मासे ठेवणं म्हणजे दोघांना कायमच्या धसक्यात ठेवणं.

पिल्लं घेताना सगळी एकाच मापाची घ्या. पाच सेंटिमीटरच्या आतली पिल्लं एकमेकांना खातात, आणि त्यांना दिवसातून दोन-तीनदा खायला लागतं. आठ आणली तर मोठी होईपर्यंत सहा उरतात असं धरून चाला, म्हणजे वाईट वाटणार नाही. आठही जगली तर सहा फुटांत थोडी दाटी होईल, तेव्हा रुंदी अडीच फूट करता आली तर उत्तम.

‘आत्ता पिल्लं दोन इंचाची आहेत, चार फुटीत वाढवतो, मोठी झाली की मोठी टाकी घेतो’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही पाठ झालंय. पोटभर खाणारं पिल्लू पहिल्या वर्षात १५ सेंटिमीटरच्या आसपास जातं. म्हणजे मोठ्या टाकीची वेळ आठ-दहा महिन्यांतच येते, आणि नेमक्या त्या महिन्यात घरभाडं वाढलेलं असतं किंवा भारताची तिकिटं काढलेली असतात. मोठी टाकी पुढच्या वर्षावर जाते. मासे थांबत नाहीत. त्यातून मग लोक दुसरी समजूत काढतात की मासा टाकीच्या मापाइतकाच वाढतो. तसा तो वाढत नाही. खराब पाण्यात वाढ खुंटते, पाठीला बाक येतो, डोळे डोक्याच्या मानाने मोठे दिसायला लागतात, आणि मासा वेळेआधी मरतो. त्याला टाकीशी जुळवून घेणं म्हणत नाहीत.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे, मजल्याची. सहा बाय दोन बाय दोन फुटी टाकी १२ मिलिमीटर काचेची लागते. नुसत्या काचेचं वजन १२०-१३० किलो, पाणी ६०० च्या वर, वाळू ५०, स्टँड ७०-८०, वर संप. सगळं मिळून एक टनाच्या घरात जातं आणि ते फक्त एक चौरस मीटरभर जागेवर उभं राहतं. इंग्लंडात आजच्या नियमांनी घराचा मजला चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, एवढ्या भारासाठी आखतात. हा भार खोलीभर पसरलेला धरतात, त्यामुळे एका जागी जास्त वजन म्हणजे मजला लगेच कोसळतो असं नाही. पण तुमचं घर या नियमांच्या कितीतरी आधीचं, फळ्यांखाली लाकडी तुळया, आणि त्यांना शंभर वर्षांत कुणी कुठे पाइपासाठी खाचा पाडल्यात ते घरमालकालाही माहीत नसतं. तळमजला आणि खाली काँक्रीट असतं तर मी एवढं बोललोच नसतो. पहिल्या मजल्यावर भाड्याच्या घरात सहा फुटी टाकी, घरमालकाचं लेखी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत असल्याशिवाय, मी स्वतः बसवून देत नाही. खाली कुणीतरी झोपलेलं असतं.

रिओ २४० भरून साडेतीनशे किलोच्या आसपास जाईल. ती भिंतीला लागून, तुळयांना आडवी, म्हणजे वजन तीन-चार तुळयांवर वाटलं जाईल अशी ठेवली तर सहसा चालते. फळ्या ज्या दिशेने जातात त्याच्या काटकोनात तुळया असतात. फळ्यांवरच्या खिळ्यांच्या रांगांवरून त्या कुठे आहेत ते कळतं.

मग या टाकीत पिरान्हा ठेवायचाच नाही का? लाल पोटाचा नको, पण सेरासाल्मस सँचेझी हा दुसऱ्या जातीचा पिरान्हा ठेवता येईल. पेरू देशातला, गळ्याला लालसर, अंगावर चमचमणारा मासा. पूर्ण वाढून १५-१७ सेंटिमीटर होतो आणि एकट्यानेच राहतो. ४१ सेंटिमीटर रुंदीत तो मोकळेपणाने वळतो. ‘एकच मासा?’ म्हणून नाक मुरडू नका. एकटा सेरासाल्मस महिनाभरात माणसं ओळखायला लागतो, बोट दिसलं की काचेपाशी येतो. लाल पोटाचे सहा जण दिवसाचा बराच वेळ लाकडामागे एका जागी तरंगत असतात. खरेदी करताना तो सँचेझीच आहे याची खात्री करून घ्या. पिल्लू असताना सेरासाल्मसच्या जाती सहज एकमेकांत मिसळतात आणि काळा पिरान्हा, म्हणजे ऱ्होंबियस, पदरात पडला तर तो ३५-४० सेंटिमीटरपर्यंत जातो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ऱ्होंबियसच्या चाव्याचा जोर ३२० न्यूटन भरला होता. तो रिओमध्ये नको. सँचेझीला आतल्या फिल्टरच्या जोडीला एक कॅनिस्टर पुरेल.

खाण्याचं एकच सांगतो. जिवंत गोल्डफिश घालू नका. त्यातून रोग येतात, त्यांच्या अंगातल्या थायमिनेजमुळे माशाला ‘ब १’ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि बघणाऱ्या मित्रांचं पाच मिनिटांचं मनोरंजन सोडून दुसरं काही साधत नाही. चांगल्या गोळ्या, कोळंबी, कवचासकट तिसऱ्या, पांढऱ्या माशाचे तुकडे. कोंबडी-मटण नको, त्याची चरबी पाण्यावर तवंग धरते.

आणि कधी कंटाळा आला तर थेम्समध्ये सोडायचा विचार मनातही आणू नका. परदेशी प्राणी मोकळे सोडणं हा तिथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. २००४ मध्ये डॅगनहॅमजवळ थेम्समध्ये प्राणवायू सोडणाऱ्या एका बोटीच्या डेकवर लाल पोटाचा पिरान्हा आकाशातून पडला होता. समुद्रपक्ष्याने चोचीतून टाकलेला. कुणीतरी टाकीतला मासा नदीत सोडला असणार, आणि थंडीने तो अर्धमेला झाल्यावर पक्ष्याने उचलला असणार.

आता पुण्याचं. भारतात आयात करायला मान्यता असलेल्या शोभिवंत माशांच्या यादीत पिरान्हा नाही, तेव्हा दुकानात ‘पिरान्हा’ म्हणून उघडपणे मिळतो तो बहुधा रूपचंद असतो, म्हणजे पाकू. मंडईत चायनीज पापलेट म्हणून विकला जातो तोच. पिल्लू असताना त्याच्या छातीवरही लाली असते, अंगावर ठिपके असतात, हुबेहूब पिरान्हा. नदीत ‘पिरान्हा सापडला’ म्हणून बातमी येते तेव्हाही फोटोत बहुतेकदा हाच असतो. ओळख तोंडावरून. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला, बुलडॉगसारखा, आणि दात त्रिकोणी, एकाच रांगेत. रूपचंदचे ओठ समोरासमोर मिटतात, हनुवटी पुढे येत नाही, आणि दात माणसाच्या दाढांसारखे असतात, कारण तो मुळात झाडांवरून पाण्यात पडणारी फळं आणि बिया फोडून खाणारा मासा आहे.

भावाला वाटेल सुटलो, चावणारा नाही. पण टाकीच्या हिशेबाने हा पिरान्हापेक्षा अवघड आहे. शेततळ्यात सोडलेला रूपचंद वर्षाच्या आत किलोभर होतो, आणि पूर्ण वाढीला ४५ सेंटिमीटर सहज ओलांडतो. चार रूपचंदांना घरात मावेल अशी टाकी मी सुचवू शकत नाही, कारण ती टाकी म्हणजे हौद असतो. अडीच फुटीत ते फार तर तीन-चार महिने काढतील. दुकानदार परत घेत असेल तर आत्ताच, लहान असतानाच द्यावेत, मोठे झाल्यावर कुणी घेत नाही. नाहीतर ओळखीत कुणाचं शेततळं असेल आणि त्यात आधीच रूपचंद सोडलेले असतील तर तिथे द्यावेत. मुठेत किंवा खडकवासल्याला मात्र नको. भावाला माशांचा बाजूने काढलेला, तोंड मिटलेला, स्पष्ट फोटो पाठवायला सांगा. काच आधी पुसून घे म्हणावं, आणि फ्लॅश बंद.